कणावरची ओल

नव्या बुटांच्या खोक्यात, औषधाच्या बाटलीत, कॅमेऱ्याच्या पिशवीत एक छोटीशी पुडी निघते. आत टणक, पांढुरक्या गोळ्या आणि वर ठळक सूचना: खाऊ नका. आपण ती पुडी धड न बघताच टाकून देतो. त्या गोळ्या सिलिका जेलच्या. वाळूत जे सिलिकॉन आणि ऑक्सिजन असतात तेच इथेही आहेत, पण हा पदार्थ आतून असंख्य सूक्ष्म छिद्रांनी पोखरलेला असतो. एका ग्रॅममधल्या सगळ्या छिद्रांच्या भिंती उलगडून अंथरल्या तर काही शे चौरस मीटर जागा व्यापतील. हवेतली ओल त्या भिंतींना जाऊन चिकटते आणि बूट कोरडे राहतात. सिलिका जेलची आपली ओळख बहुधा एवढ्यावरच थांबते.

त्याची दुसरी ओळख व्हायला हवी. या जेलची वस्त्रगाळ पूड करून ती वीज न वाहणाऱ्या पातळ तेलात कालवायची आणि ते मिश्रण एकमेकींपासून एक मिलिमीटर अंतरावरच्या धातूच्या दोन पट्ट्यांमध्ये भरायचं. पट्ट्यांना दोन-तीन हजार व्होल्ट दिले की ते थिजतं. ते गार झालेलं नसतं, त्यात कुणी काही मिसळलेलं नसतं. फक्त विद्युतक्षेत्र आलेलं असतं. ढकलून पाहिलं तर ठरावीक जोर लागेपर्यंत ते जागचं हलत नाही. वीज बंद केली की पूर्वीसारखं वाहू लागतं. या बदलाला लागतात काही मिलिसेकंद. अमेरिकेतल्या विलिस विन्स्लो यांनी 1947 साली या शोधाचं पेटंट मिळवलं आणि 1949 साली ‘जर्नल ऑफ अप्लाइड फिजिक्स’मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं. या परिणामाला आजही त्यांचंच नाव आहे. शास्त्रज्ञ अशा द्रवांना इलेक्ट्रोऱ्हिओलॉजिकल द्रव म्हणतात.

आत घडतं ते असं. सिलिकाचा कण विजेचा वाहक नाही. तरी क्षेत्रात सापडल्यावर त्याच्यातले भार किंचित सरकतात. एका बाजूला धन भार जमतो, समोरच्या बाजूला ऋण. कण एकूण तटस्थच राहतो, पण त्याला दोन टोकं येतात. शेजारच्या कणालाही तशीच टोकं आलेली असतात. एकाचं धन टोक दुसऱ्याच्या ऋण टोकासमोर आलं की दोघे ओढले जातात. बाजूबाजूला उभे असलेले मात्र एकमेकांना दूर सारतात. म्हणून कणांचा गोळा न होता रांगा होतात. या पट्टीपासून त्या पट्टीपर्यंत पोचणाऱ्या रांगा, आणि मग त्या रांगांचे जाडसर खांब. सूक्ष्मदर्शकाखाली हे तंतू डोळ्यांनी दिसतात. विन्स्लो यांच्या लेखाच्या शीर्षकातच या तंतूंचा उल्लेख होता.

पावसाळ्यात ओढ्याला पाणी चढलं की माणसं एकमेकांचे हात धरून या काठापासून त्या काठापर्यंत उभी राहतात, तसं हे दृश्य आहे. प्रवाह साखळीला रेटतो, ताणतो. एखाद्या जागी हात सुटतो आणि पुढच्या क्षणी दुसरा हात धरला जातो. द्रवाला वाहायला भाग पाडण्यासाठी जो किमान जोर लावावा लागतो, तो या पकडींची बेरीज आहे. कण स्वतः किती टणक आहे याला इथे जवळजवळ महत्त्वच नाही. सिलिका काचेइतकी कठीण असली काय किंवा कण पिष्टाचा असला काय, साखळी तुटते ती दोन कणांच्या मधल्या अरुंद फटीत, आणि बांधली जाते तीही त्याच फटीत. या द्रवांचा विचार करताना माझं मन पुन्हा पुन्हा त्या फटीपाशी जाऊन थांबतं. बळ कुणाच्या आत साठवलेलं नाही, ते दोघांच्या मध्ये आहे. हे भौतिकशास्त्रातलं साधं विधान आहे, पण ते एकदा नीट समजलं की सकाळचा बराच वेळ पुरतं.

क्षेत्र दुप्पट केलं की ही ओढ साधारण चौपट होते. मग क्षेत्र वाढवतच का नेत नाहीत? कारण वाटेत ठिणगी उभी असते. हवेत मिलिमीटरला तीन हजार व्होल्टच्या आसपास ठिणगी पडते, आणि हे द्रव नेमके त्याच टापूत काम करतात. तेलाच्या जोरावर ठिणगी अडून राहते एवढंच. व्होल्ट हजारांत असले तरी वाहणारा प्रवाह मात्र चौरस सेंटिमीटरला मायक्रोअँपिअरच्या घरातला, म्हणून विजेचा खर्च नगण्य. क्षेत्र एकाच दिशेचं ठेवलं तर काही द्रवांत कण हळूहळू एका पट्टीकडे सरकून तिथेच साचतात. तेव्हा पुष्कळदा दिशा बदलणारी वीज वापरतात.

हे सगळं घरी बघायची एक निर्धोक रीत आहे. हजारो व्होल्टच्या यंत्राच्या वाटेला कुणी जाऊ नये. कॉर्नफ्लोअर, खाद्यतेल आणि रबरी फुगा एवढ्यावर काम भागतं. कॉर्नफ्लोअर तेलात पातळ कालवायचं, चमच्यातून त्याची बारीक धार सोडायची आणि केसांवर खसखसून घासलेला फुगा धारेजवळ न्यायचा. धार फुग्याकडे वळते, दाटते, अडखळते. पाण्यात कालवलेल्या कॉर्नफ्लोअरवर ठोसा मारून मुलं खेळतात तो प्रकार निराळा. तिथे घट्टपणा येतो तो धक्क्यामुळे, इथे विजेमुळे. प्रयोग कोरड्या हवेत करावा. कोकणातल्या जुलैत फुग्यावरचा भार टिकतच नाही. दिवाळी उलटल्यावर देशावरच्या हवेत तो छान जमतो.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो, तिच्याकडे येतो. विन्स्लोच्या काळातलं सिलिका जेल खूप तापवून अगदी खडखडीत वाळवलं आणि तेलात घातलं, तर वीज लावूनही जवळजवळ काही होत नाही. कण तेच, तेल तेच, क्षेत्र तेच, तरी साखळ्यांत जीव नाही. क्षेत्रात पदार्थातले भार किती सरकतात याचं माप म्हणजे परावैद्युतांक. कोरड्या सिलिकाचा तो चारच्या आसपास, तेलाचा अडीच-पावणेतीन. दोघांत फरकच थोडा, म्हणून टोकंही पुसट उमटतात. थोडी ओल परत आली की प्रतिसाद परत येतो. कणाच्या पृष्ठभागावर चिकटलेला पाण्याचा अतिशय पातळ थर हे काम करत होता. त्या थरातले आयन क्षेत्राच्या दिशेनं सरकत होते आणि कणाला ठळक टोकं देत होते. ब्रिटनमधले जे. ई. स्टँग्रूम यांनी तर असंही मांडलं की दोन कणांच्या मध्ये पाण्याचे सूक्ष्म पूलच तयार होतात. सगळ्या प्रकारांना हे स्पष्टीकरण पुरत नाही, पण ओलीशिवाय त्या जुन्या द्रवांचं पान हलत नव्हतं, यात वाद नाही.

म्हणजे ज्या पुडीचं काम ओल शोषून घेणं, तिची ही दुसरी करामतही ओलीवरच उभी होती. कणाच्या पोटात कितीही सिलिका असो, प्रतिसाद देत होती ती त्याच्या अंगावरची एक साय. शिवाय ती साय उसनी होती, आणि उसन्या गोष्टीचे सगळे तोटे तिच्यात होते. द्रव तापला की पाणी उडून जाणार. ओल जास्त झाली की तिच्यातूनच वीज झिरपणार, झिरपल्यानं द्रव तापणार, तापल्यानं आणखी झिरपणार. थंडीत तेच पाणी गोठणार. ज्या द्रवाला गाडीच्या इंजिनाशेजारी राहायचं आहे, त्याला हा आधार कसा पुरावा? विन्स्लोनंतरची कित्येक वर्षं संशोधक या एका प्रश्नाभोवती अडले होते, असं म्हटलं तरी चालेल.

सुटकेची एक वाट स्फटिकांतून निघाली. 1980 च्या दशकात मिशिगन विद्यापीठातले फ्रँक फिलिस्को यांनी दाखवलं की झिओलाइटसारख्या ॲल्युमिनियम आणि सिलिकाच्या संयुगाचे कण नीट वाळवूनही प्रतिसाद देतात, कारण सरकणारे आयन त्यांच्या जाळीच्या आतच असतात. झिओलाइटचे नैसर्गिक स्फटिक आपल्या पायाखालच्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांत विपुल सापडतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते पाहून मोठ्या माणसांचेही पाय रेंगाळतात. प्रयोगशाळेत वापरतात ते बनवलेले, पण घराणं तेच.

दुसरी वाट सिलिकाच्या पृष्ठभागावरून जाते, आणि मला ती जास्त भावते. सिलिकाचा पृष्ठभाग दिसतो तसा निष्क्रिय नसतो. त्यावर ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या जोड्या उभ्या असतात. नीट ओलावलेल्या पृष्ठभागावर दर चौरस नॅनोमीटरला सुमारे पाच. पाणी चिकटतं ते यांनाच धरून. रसायनशास्त्रज्ञांनी विचार केला, की याच जागी पाण्याऐवजी असं काही बांधावं जे उडून जाणार नाही. त्यासाठी सिलेन नावाची संयुगं वापरतात. अमिनोप्रोपिल ट्रायइथॉक्सिसिलेन हे त्यातलं नेहमीचं. नाव लांबलचक असलं तरी रचना समजायला सोपी आहे: एका टोकाला पृष्ठभागाशी पक्का बंध जोडू शकणारे तीन गट, आणि मोकळ्या टोकाला नायट्रोजन असलेला अमिनो गट. कणाशी ते रासायनिक बंधानं जखडलं जातं आणि अमिनो टोक बाहेर, तेलाकडे तोंड करून राहतं. क्षेत्राला ओळखणारी साय आता कणाची स्वतःची झालेली असते.

हे करायला कणही एकसारखे हवेत. 1968 साली व्हर्नर श्ट्योबर, आर्थर फिंक आणि अर्न्स्ट बोन यांनी अल्कोहोल, अमोनिया आणि सिलिकॉनचं एक कार्बनी संयुग यांच्या मिश्रणातून जवळपास एकाच मापाचे सिलिकाचे गोल कण पाडायची पद्धत प्रसिद्ध केली. ती आजही जगभर वापरली जाते. मिश्रण ढवळत ठेवायचं, काही वेळानं स्वच्छ द्रावण धुरकट व्हायला लागतं, मग दुधाळ होतं. गोल, गुळगुळीत, काही शे नॅनोमीटरचे कण तयार. त्यावर पुढे कुणी सिलेन चढवतं, कुणी वीज थोडीशीच वाहू देणाऱ्या पॉलिॲनिलिनसारख्या बहुवारिकाचं आवरण देतं, तर कुणी छिद्रांच्या आतच ते बहुवारिक वाढवतं. दक्षिण कोरियात इंचॉनच्या इन्हा विद्यापीठात अशा द्रवांवर वर्षानुवर्षं काम चाललेलं आहे.

यात एक पेच आहे आणि या विषयाचा खरा कस तिथे लागतो. उघडे सिलिका कण तेलात घातले तर त्यांच्या पृष्ठभागावरच्या त्या जोड्या एकमेकींना धरून बसतात. वीज लावण्याआधीच तेल दाटतं. कण लहान आणि भरपूर असले तर त्याची जेलीच होते. अशा द्रवाला थांबवायचं काय, तो मुळात वाहतच नाही. उपाय म्हणून पृष्ठभागावर तेलाशी सलगी करणारे मिथाइल गट बसवले तर कण मोकळे होतात, सुटे सुटे तरंगतात. पण तेवढ्या जागा प्रतिसादाच्या कामातून गेलेल्या असतात. तेलाशी फार जमलं तर क्षेत्राकडे दुर्लक्ष, आपसांत फार जमलं तर तेलाशी फारकत. दोन्ही गोष्टी एकाच कणाच्या अंगावर, योग्य प्रमाणात बसवायच्या. हे प्रमाण सूत्रातून सुटत नाही, करून बघावं लागतं. एकेका मात्रेचा नमुना करायचा, धुवायचा, निर्वात भट्टीत वाळवायचा, तेलात कालवायचा, यंत्रात फिरवून मोजायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. अशा कामाच्या बातम्या होत नाहीत. मला मात्र ते फार मोलाचं वाटतं, कारण इथे माणूस पदार्थाला बदलून टाकायचा हट्ट धरत नाही. सिलिका सिलिकाच राहते. बदलतो तो तिच्या सीमेवरचा एखाद-दोन नॅनोमीटरचा भाग, आणि तेवढ्यानं तिचं जगाशी वागणं बदलतं.

2003 साली हाँगकाँगच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्यापीठातून आलेल्या निकालात हीच गोष्ट अनपेक्षित ठिकाणी दिसली. वेन वेइजिया, शेंग पिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेरियम आणि टायटॅनियमच्या एका ऑक्सलेटचे नॅनोकण घेतले आणि त्यांवर काही नॅनोमीटर जाडीचं युरियाचं आवरण दिलं. युरिया म्हणजे आपले शेतकरी पिकाला टाकतात तोच. जुन्या द्रवांची पकड काही किलोपास्कलची. पाच किलोपास्कल धरले तर चौरस सेंटिमीटरला पन्नासेक ग्रॅम. हा नवा द्रव 130 किलोपास्कलपर्यंत गेला, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सव्वा किलोहून थोडं जास्त. रूढ सिद्धांतानं घातलेली मर्यादा त्यानं ओलांडली होती. स्पष्टीकरण पुन्हा त्या फटीतच सापडलं: दोन कण जिथे टेकतात तिथे क्षेत्र कमालीचं एकवटतं, आणि तिथले युरियाचे रेणू एका दिशेनं वळून कणांना जखडतात. आवरण काढून टाकलं तर त्या कणांत विशेष असं काही उरत नाही.

एवढं असून हे द्रव आपल्या रोजच्या यंत्रांत का नाहीत? विन्स्लोपासूनच क्लच, ब्रेक, शॉक ॲब्सॉर्बर, हलता भाग नसलेल्या झडपा यांची स्वप्नं रंगली होती. अडचणीही तितक्याच जुन्या. सिलिका तेलाच्या दुपटीहून जड, ती तळाशी बसते. कठीण कण धातूला घासतात. हजारो व्होल्ट सांभाळावे लागतात. त्याच सुमाराला, 1940 च्या दशकाच्या अखेरीस, अमेरिकेतच जेकब रॅबिनो यांनी लोखंडाच्या कणांचा आणि चुंबकाचा द्रव केला. त्याची पकड बरीच मोठी आणि त्याला साधी बॅटरी पुरते. 2002 मध्ये तो कॅडिलॅक गाडीच्या शॉक ॲब्सॉर्बरमध्ये जाऊन बसला. बाजारात चुंबकी द्रव पुढे गेला आणि ते योग्यच झालं. तरी विजेच्या द्रवाचा त्यावरून निकाल लावणं मला घाईचं वाटतं. त्याला जड लोखंड लागत नाही, तांब्याच्या तारांचं वेटोळं लागत नाही. दोन पातळ पट्ट्यांत त्याचं काम भागतं, त्यामुळे तो फार छोट्या जागेत मावतो. बोटाला उंचवटे जाणवतील असे पडदे, नॅनोलिटरमध्ये द्रव खेळवणाऱ्या चिपा, अशा ठिकाणी आकार हीच मोठी गोष्ट असते.

प्रयोगशाळेत या द्रवाची पारख कशी करतात तेही सांगण्यासारखं आहे. वीज लावल्यावर दाटपणा किती वाढला, एवढ्यावर ते भागवत नाहीत. त्या वाढीला वीज नसतानाच्या दाटपणानं भागतात, आणि तो भागाकार म्हणजे द्रवाची कार्यक्षमता. विजेशिवायही जाड असलेला द्रव या परीक्षेत मागे पडतो, मग वीज लावल्यावर तो कितीही ताठ होवो. पुढची चाचणी चालू-बंद करण्याची. ठरावीक वेळ क्षेत्र, ठरावीक वेळ विश्रांती, पुन्हा क्षेत्र. आलेखावर चौकोनी कमानींची ओळ उमटते. नवखा माणूस कमानींची उंची बघतो. ज्यानं कणावर सिलेन चढवण्यात दिवस घालवले आहेत, तो दोन कमानींच्या मधली खालची रेघ बघतो. दर विश्रांतीत ती पूर्वीच्याच पातळीवर उतरते का, की थोडी थोडी वर सरकते आहे? वर सरकत असेल, तर काही साखळ्या वीज गेल्यावरही सुटत नाहीत आणि कण एकमेकांना कायमचे चिकटत चालले आहेत. असा नमुना झडपेच्या उपयोगाचा नाही. त्याच्या पृष्ठभागावरचं प्रमाण पुन्हा बसवायला घ्यावं लागतं.